वाळवंटातली हाडं

वारलूचं नाक मोठं नाजूक. पोंभुर्ण्याकडच्या मासे मारणाऱ्या ढिवराच्या पोटी जन्मला, पण सुकटीच्या वासानं दूर पळायचा. आई मनकर्णा म्हणायची, "हा राजाच्या घरी जाणारा, वाट चुकून आपल्या घरी आला." पुढे तो चांद्याच्या मिशनमध्ये स्वयंपाकी झाला आणि यथावकाश ख्रिस्तीही झाला. भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकलं, आईनं मात्र टाकलं नाही. ती थकली तेव्हा वारलूचा एकच ध्यास उरला: आईनं बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे मेल्यावर दोघं एका मातीत राहतील. ती म्हणायची, "तुये लोक मेलेल्या माणसाचं काय करतेत, ते पाहून सांग. मंग पाहू."

एकोणीसशे चोपन्न साली मिशनचा साहेब मिसरच्या वाळवंटातला एक पुरातन ख्रिस्ती मठ पाहायला निघाला. हाताला चव म्हणून वारलूलाही सोबत घेतलं. पवित्र जागा, म्हणून हा वाटभर प्रार्थना करत गेला. आणि तिथं निघालं काय? उंटांच्या लेंड्या, खवट तेलाचा धूर, आणि शेवटी एक तळघर. त्यात मेलेल्या साधूंच्या कवट्या, बाजारात भोपळे रचावेत तशा! सगळा खडक, पुरायला माती थोडी. म्हणून जुनी हाडं उकरून नव्या मढ्याला जागा करायची. वारलूनं नाक दाबून धरलं. साहेब मात्र एक कवटी हातात घेऊन, दात दाखवत फोटो काढून घेत होता. शी! शिकल्यासवरल्या माणसानं जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी.

आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड ठेवतो, मेलेल्याला मान म्हणून. वारलूचा बाप वाघानंच नेलेला. ख्रिस्ती झाल्यावरही त्या ढिगावर दगड ठेवायला वारलू चुकला नव्हता. इथंही त्याला राहवलं नाही. बाहेरून दगड आणला, हात जोडले आणि कवट्यांवर ठेवला. म्हातारा साधू किंचाळतच धावला. त्याला वाटलं, हा परका माणूस आमच्या संतांना दगड मारतोय. त्यानं वारलूला बखोट धरून बाहेर काढलं. साहेब तिकडं पाठ करून उभा राहिला.

घरी येताच आईनं विचारलंच. खोटं बोलला असता तर काम फत्ते होतं, पण आईपुढे त्याची जीभ रेटेना. नाक मुरडत त्यानं सगळं सांगून टाकलं.

"लय घाण हाये माय. मेल्यावरबी उकरून काढतेत. तू नोको येऊ त्याच्यात."

मनकर्णा त्याच्याजवळ सरकली.

"डोस्की जपून ठेवतेत म्हणतोस?"

"हो."

"मंग तुले घाण काऊन वाटली रे? तुया बापाचं मले बोटाचं हाडूकबी नाई भेटलं. त्या दगडाच्या ढिगाखाली काईच नाई. डोस्कं भेटलं असतं त मी उशाशी घेऊन झोपली असती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जाय, पादऱ्याले बोलाव."

ज्या होकारासाठी वारलू वर्षानुवर्षं झुरला, तो मिळाला, तोही ज्यांना त्यानं घाण म्हटलं त्या कवट्यांपायी. आणि त्याला आईच्या तोंडाकडे पाहवेना.