कुणाचं का असंना

क्रांती चौकात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. समोर भागूबाई भाजी विकते. मेंढपाळाच्या घरची, हर्सूलला राहते. वजनात अशी पक्की, की एक वांगं जास्त जाऊ द्यायची नाही. पण ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की हातातली तागडी खाली ठेवायची, कमरेच्या डबीतला खंडोबाचा भंडारा चिमूटभर त्या गाडीकडे उधळायची अन् म्हणायची, "कुणाचं का असंना देवा, जितं पोचव."

गिऱ्हाईक खोळंबायचं. मी चिडवायचो, "मावशी, खंडोबाला जेजुरीत कामं कमी आहेत का?"

"तू तुझी घड्याळं बघ," ती म्हणायची.

मागच्या श्रावणात, भर दुपारी, चौकात ॲम्ब्युलन्स अडकली. भोंगा केकाटतोय अन् पुढची रिक्षा हलायला तयार नाही. मावशी उठली, गर्दीत घुसली अन् ओल्या हातानं भंडाऱ्याची पाच बोटं गाडीच्या मागच्या दारावर उमटवून आली. खोटं कशाला बोलू, मी हसलो.

तासाभरानं तिला फोन आला. तिच्या एकुलत्या एक सोमनाथला, वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून येताना, टेम्पोनं उडवलं होतं. मीच तिला स्कूटरवर दवाखान्यात नेलं. फाटकाजवळ ॲम्ब्युलन्स उभी होती. मागच्या दारावर पाच पिवळी बोटं. दोघांनीही ती एकदमच पाहिली.

ड्रायव्हर म्हणाला, "क्रांती चौकापर्यंत श्वास चालू होता."

तेराव्यानंतर ती परत दुकान मांडून बसली. मग म्हणाली, "नाव घ्यायला पायजे व्हतं रं. मी आपलं कुणाचं का असंना म्हणलं. देवाला तरी काय कळावं, कुणाचं ते?"

मी उठून तिच्या वांग्यांवर पाणी शिंपडलं.

पुढं महिनाभर भोंगा वाजला तरी ती मान खाली घालून तोलत राहायची. ते मला बघवायचं नाही. मग मीच काउंटरमागून "कुणाचं का असंना" पुटपुटायचो, पण मला काही ते जमायचं नाही.

परवा भोंगा आला अन् तागडी खाली ठेवली गेली. कमरेची डबी निघाली.

"माझा सोमनाथ हाय आत, देवा. ह्या खेपेला तरी पोचव."

समोरची बाई घाबरली. "मावशी, तुमचा मुलगा आहे का त्या गाडीत?"

"व्हय," भागूबाई म्हणाली अन् तिची वांगी तोलायला लागली.