प्रवचनात उठलेला देह

तळवड्याच्या कारखान्यात लेथ मशीन चालवणारे ते अवाढव्य गृहस्थ, कंपनीच्या बसमध्ये आपल्याला दोन जागा लागतात, असे स्वतःच हसत सांगत. त्यांना लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचे माझ्या कानावर आले, तेव्हा मी देवळातल्या प्रवचनात मिताहाराचा महिमा सांगितला. रोख त्यांच्याकडेच होता. केमोने केस गेलेले ते पहिल्याच रांगेतून उठले.

"गुरुजी, मोठ्या देहाला धोका जरा जास्त, असं डॉक्टरबी म्हणाले. पण ही उंची, ही हाडं आज्याकडनं आल्यात. त्यात माझं पाप कुठलं, सांगा!"

मी पोथी मिटून प्रवचन तिथेच आवरले.

पुढे पंगतीत मी प्रसाद वाढत असता त्यांनी सर्वांदेखत पान पुढे सरकवले.

"वाढा गुरुजी, अजून एक लाडू."

मी हात जोडले आणि दोन वाढले.