करडईच्या तेलावरचं इंजिन

आमच्या रेणापूरकडच्या गावात इंजिनं दुरुस्त करणारे एक मामा होते. तेलाचा सांडलेला थेंबही ते बोटाने पुसून डोक्याला लावत.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हाच्या दुष्काळातली गोष्ट. पाणी उरलेल्या एकुलत्या एका विहिरीवर इंजिन होतं आणि डिझेल कुठेच मिळेना. घागरींची रांग खोळंबली. मी कॉलेजातून सुट्टीवर आलेला, तिथेच उभा होतो. मामा घरी गेले आणि वर्षभराच्या करडईच्या तेलाचा डबा घेऊन आले. तेल कोमट करून, फडक्यातून गाळून आणलं होतं. उरल्यासुरल्या डिझेलवर त्यांनी इंजिन सुरू केलं आणि टाकीत डबा उपडा केला.

मी ओरडलोच, "मामा, खायचं तेल हाय ते!"

"मंग? इंजिनाला उपाशी ठिवू का?"

इंजिन धडधडत राहिलं. पाणी आलं. धुराला भज्यांचा वास येत होता. त्या साली गावात कुणी तळण केलं नव्हतं. रांगेत रिकामा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या मामी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

मामांनी डब्याचा तळ बोटाने पुसला. हात डोक्याकडे गेला, थांबला. ते बोट त्यांनी मामींच्या तांब्यात निथळवलं.

"आजच्या फोडणीपुरतं हाय," ते खाली बघत म्हणाले.