पखवाजाची कणीक

परवा बावधनला टुरेट सिंड्रोम असलेल्या तरुण वादकाचा सिनेमा पाहिला. त्याच्या मानेला झटके बसू लागले आणि मला कित्येक वर्षांपूर्वीचा, भरे गावच्या देवळातला माझा चुलतभाऊ संतूदादा दिसला.

आवाज घुमावा म्हणून त्याने पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली होती. मान उडत होती, तोंडातून आवाज फुटत होता.

"संत्या, ऊठ. देवापुढं ही नाटकं न्हाई चालायची," भजनी मंडळाचे बुवा म्हणाले.

"वाजवाया लागलो की थांबतंय, बुवा. एकडाव ऐका तरी."

"आन् लोक आमाला हसत्याल!"

दादाने न वाजवताच कणीक बोटांनी खरवडून काढली. ती अजून मऊ होती. टाळ सुरू झाले.

त्या झटक्यांना नाव आहे, हे मला आता कळलं. पण त्याला एकदा ऐकून घ्यायला नाव कशाला लागत होतं?