वाचणारं बोट आणि लाल दिवा

‘कॅन्सर’ हा शब्द डॉ. तिवारींनी सगळ्यात शेवटी उच्चारला. आधी त्यांनी माझा डावा हात आपल्या हातात घेतला, तर्जनीच्या टोकावरचा खरखरीत चट्टा पुन्हा एकदा चाचपला आणि म्हणाल्या, “बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. याला बोवेन्स डिसीज म्हणतात. त्वचेच्या अगदी वरच्या थरातला कॅन्सर. अजून खाली उतरलेला नाही.”

शेजारी माझे पती श्रीकांत बसले होते. त्यांची खुर्ची करकरली.

जीव वाचेल का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी विचारलं, “या बोटाने वाचता येईल ना?”

मला दिसत नाही. अगदी लहानपणी, आम्ही उज्जैनला असताना, तापात दृष्टी गेली. उजेड कसा असतो हे मला आठवतही नाही. आता मी भोपाळमध्ये मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. धडे ब्रेलमध्ये लिहून ठेवते आणि वर्गात डाव्या तर्जनीने वाचते. उजवा हात फक्त ओळ सांभाळतो. मोबाइल हल्ली सगळं वाचून दाखवतो, नाही असं नाही. पण तो त्याच्या आवाजात वाचतो. बोटाने वाचताना आवाज माझा असतो. थंडीत रजईत हात घालून, कुणाला न ऐकवता पुस्तक वाचणं हे माझं सगळ्यात मोठं सुख आहे.

चट्टा आला तेव्हा मी भांड्यांच्या साबणाला दोष दिला. खोबरेल तेल लावलं. जवाहर चौकातल्या औषधवाल्याने दिलेलं मलम लावलं. कातडी कोरडी पडायची, पापुद्रे निघायचे, पुन्हा यायचे. दुखत मुळीच नव्हतं. त्यामुळेच बरेच महिने गेले. तुमच्या अंगावरचा एखादा चट्टा मलमाने जात नसेल, तर तो दुखत नाही म्हणून त्याला सोडून देऊ नका, एवढं इथेच सांगून ठेवते.

ब्रेलमध्ये ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही दोनच टिंबांचे. फरक फक्त त्या टिंबांमधल्या अंतराचा. एक दिवस वर्गात मी बाबरला ‘काबर’ म्हटलं. मुली खळखळून हसल्या, मीही हसले. त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. घरी येऊन श्रीकांतना म्हटलं, “अहो, मला स्किनच्या डॉक्टरांकडे न्या.”

बायोप्सी म्हणजे तपासणीसाठी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढणं. बोट बधिर केलं होतं, त्यामुळे नुसता दाब कळला. त्यानंतरची रिपोर्टची वाट पाहणं मात्र बधिर करता येत नाही.

रिपोर्ट आल्यावर डॉ. तिवारींनी आम्हाला त्याच रुग्णालयातल्या सर्जनकडे पाठवलं. ते भले गृहस्थ होते, आडपडदा न ठेवता बोलले. चट्टा कापून काढायचा आणि हाताची थोडी त्वचा घेऊन तिथे बसवायची. याला ग्राफ्ट म्हणतात. “आजार मुळापासून जाण्याची खात्री यात जास्त,” ते म्हणाले. मी विचारलं, “आणि स्पर्श?” ते म्हणाले, “बोटाच्या टोकाची त्वचा वेगळी असते, मॅडम. तितकं बारीक कळणार नाही.”

डॉ. तिवारींकडे दुसरा मार्ग होता. फोटोडायनॅमिक थेरपी. त्या हिंदीत बोलतात, मी इथे मराठीत सांगते.

“चट्ट्यावर एक क्रीम लावायचं. बिघडलेल्या पेशी ते भराभर आत घेतात आणि त्यापासून प्रकाशाला संवेदनशील असं द्रव्य बनवतात. मग ठरावीक लाल प्रकाश टाकायचा. प्रकाश पडला की ते द्रव्य आतल्या ऑक्सिजनला चेतवतं आणि पेशी मरतात.”

“आणि आजूबाजूचं?” मी विचारलं.

“तेच सांगते. पेशी काही नुसत्या एकावर एक रचलेल्या नसतात. वरच्या थराखाली त्यांना आधार देणारं धाग्यांचं जाळं असतं, मुख्यतः कोलाजेनचं. त्याला एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. सुकलेली गिलकी हातात घेतली आहे कधी?”

गिलकी म्हणजे घोसाळं. आमच्याकडे त्याची जाळी अंग घासायला असतेच.

“वरची साल गेली, गर गेला, बिया गेल्या, तरी जाळी आपला आकार सोडत नाही. तसंच हे. कापलं की जाळंही जातं, भाजलं की ते आकसतं, आणि मग व्रण कडक होतो. या उपचारात बरंचसं जाळं शाबूत राहतं. नव्या पेशी त्यावर पुन्हा वस्ती करतात. थोडे जुने धागे विरघळतात, नवे विणले जातात. सूज येते, लाली येते, पण जागा बहुतेक मऊच भरते.”

“म्हणजे वाचता येईल?”

“व्रणाबद्दल मी बऱ्याच विश्वासाने बोलू शकते. पण वाचणाऱ्या बोटावर हा उपचार मी कधी केलेला नाही. शब्द देणार नाही.”

त्या शब्द देणार नाहीत म्हणाल्या, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

श्रीकांतना ते पटलं नाही. घरी आल्यावर आमचं चांगलंच वाजलं. ते कारखान्यात तंत्रज्ञ होते. बिघडलेला भाग काढून टाकायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. “कापून एकदाचं मोकळं होऊ. एका बोटापेक्षा तू मोठी आहेस मला.”

“आणि डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असतं, जीव वाचेल पण वाचणं जाईल, दुसरा उपाय करून बघायची सोय आहे, तर?”

ते उठून गॅलरीत गेले. सकाळी चहा घेता घेता त्यांनीच डॉ. तिवारींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. प्रकाशाने काम झालं नाही, तर नंतर शस्त्रक्रिया करता येईल का? तोवर आजार खोल जाण्याचा धोका किती? डॉक्टर म्हणाल्या, करता येईल. धोका कमी आहे, पण तपासणी एकदाही चुकवायची नाही. श्रीकांतनी फोन ठेवला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण तपासणीला मी बरोबर असणार.”

उपचाराच्या दिवशी आधी चट्ट्यावरचे पापुद्रे हलकेच खरवडले, क्रीम लावलं आणि बोट गुंडाळून ठेवलं. क्रीम मुरायला काही तास लागतात. आम्ही डबा नेला होता. श्रीकांतनी पोळीचे घास करून दिले आणि वर्तमानपत्रातल्या सगळ्या बातम्या वाचून दाखवल्या, अरेरा कॉलोनीतल्या पाणीपुरवठ्यापर्यंतच्या.

आत नेल्यावर सिस्टरने माझ्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला.

“सिस्टर, मला याची गरज नाही हो.”

“नियम है मॅडम. सबको लगता है.”

मला इतकं हसू आलं की भीती अर्धी झाली. श्रीकांतनाही चष्मा मिळाला. मी त्यांना विचारलं, “दिवा कसा आहे?”

“लाल.”

“लाल म्हणजे?”

“म्हणजे... स्कूटरच्या मागच्या दिव्यासारखा.”

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना एकही रंग मला नीट सांगता आलेला नाही.

दिवा लागला. आधी नुसती ऊब. मग मुंग्या. मग कुणी तरी बोटावर हिरव्या मिरच्यांचा ठेचा चोळतंय असं वाटू लागलं. इंजेक्शन देऊन बोट बधिर करू का, असं डॉक्टरांनी आधी विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं. तुम्ही नको म्हणू नका. मी मध्येच ओरडले. डॉक्टरांनी दिवा थांबवला, गार पाणी फवारलं, पंखा बोटाकडे वळवला. “थांबायचं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “दम घेऊ द्या. मग लावा.” उरलेला वेळ मी श्रीकांतचा हात असा काही आवळला की दुसऱ्या दिवशी तेही हात चोळत होते.

बोट दोन दिवस उजेडापासून झाकून ठेवा, असं सांगितलं होतं. पट्टी पुरेशी होती. पण श्रीकांतनी घरातले सगळे पडदे ओढले, संध्याकाळी एकही दिवा लावला नाही, आणि टीपॉयला धडकून गुडघा फोडून घेतला. मी एका हाताने चहा केला आणि त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं. पुढच्या भेटीत डॉ. तिवारींना हे सांगितलं तेव्हा त्या हसता हसता दमल्या.

बोट सुजलं, ठणकलं, त्यावर खपली धरली. पुन्हा एकदा तसाच उपचार झाला. या वेळी मी मुकाट्याने इंजेक्शन घेतलं. खपली पडल्यावर खाली आलेली त्वचा इतकी कोवळी होती की चादरीची वीणसुद्धा टोचायची. ब्रेलच्या पानावर बोट ठेवलं तर सगळी टिंबं एकमेकांत मिसळलेली. त्या दिवशी मी रडले. उजव्या बोटाने वाचायचा प्रयत्न केला, तर पहिलीतल्या मुलीसारखी अडखळू लागले.

डॉक्टर म्हणाल्या, “आत विणकाम चालू आहे. घाई करू नका.” मी रोज थोडं थोडं वाचत गेले. आधी एकेक अक्षर. मग शब्द. एका तपासणीला रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये मी नेहमीच्या सवयीने बटणांवर डावा हात फिरवला, मजल्याचा आकडा वाचला आणि बटण दाबलं. लिफ्ट वर निघाल्यावर श्रीकांत म्हणाले, “अगं, डाव्या हाताने वाचलंस तू!” मला पत्ताच नव्हता.

त्या तपासणीत चट्ट्याचा मागमूस नव्हता. डॉक्टरांनी बोट दाबून, वळवून पाहिलं. जागा मऊ होती, आकसलेली नव्हती. टोकाच्या एका कडेला स्पर्श किंचित मंद आहे, तो तसाच राहील कदाचित. मी बोट थोडं तिरकं धरायला शिकले आहे. आजार परत येऊ शकतो, म्हणून तपासण्या चालू आहेत. वर्गात बाबर पुन्हा बाबर झाला आहे. मी तृप्त आहे. बिघडलेल्या पेशींची जागा घेणाऱ्या त्या नव्या पेशींना आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या जुन्या धाग्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करते. आपण बरे होतो ते आपल्याभोवती काहीतरी टिकून राहिलेलं असतं म्हणून, असं मला आता वाटतं.

गेल्या तपासणीला डॉ. तिवारींनी विचारलं, “एका पेशंटशी बोलाल का? घाबरलेत.” बाहेर करोंदच्या मंडीतले धान्याचे एक वयस्क व्यापारी बसले होते. त्यांच्या नडगीवर तसाच चट्टा होता. क्रीम लावून झालं होतं, दिव्याची वाट पाहत होते. मी शेजारी बसले. माझ्या डोळ्यांबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि काळजीत असलेल्या माणसाचं लक्ष दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे कुठे असतं?

“बहनजी, दुखता है?”

“दुखता है. सुई लगवा लीजिए, शरमाइए मत.”

ते थोडे जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, “और वो लाइट... बहुत तेज़ होती है क्या?”

“तेज़ तो होती है, भाईसाहब,” मी म्हटलं. “पर थोड़ी ही देर की है. कोई पास बैठा हो तो कट जाती है.”

सिस्टरने त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, दोन पावलं गेले आणि थांबले.

“आप बैठेंगी?”

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि आम्ही दोघं आत गेलो.