बैठं काम : बीरगाव ते नवा रायपूर

१८ नोव्हेंबर. पहाटे पाचला वहीत रकाने आखले. मंगला दिवसभर काय काय करते ते दर पंधरा मिनिटांनी लिहायचं आणि तिचं शरीर किती उष्मांक (कॅलरी) खर्च करतं याचा अंदाज काढायचा. नागपुरात मी आहारतज्ज्ञ आहे; पेशंटना विचारून असाच अंदाज काढते. रायपूरजवळच्या बीरगावला मात्र चुलत बहिणीकडे, या मंगलाकडेच, आले होते.

गुडघ्यांसाठी मंगलाला वजन उतरवायचं होतं. रायपूरच्या समता कॉलनीतल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी आहार ठरवून दिला, तेव्हापासून तिला चक्कर येते. मागच्या आठवड्यात कामावर ती बादलीसकट जिन्यात मटकन बसली. पुन्हा असं झालं तर येऊ नका, असं सुपरवायझरने बजावलंय.

सहाला निघालो. तोवर तिने पाणी भरलं, कपडे धुतले, स्वयंपाक केला आणि नुसता चहा पिऊन चप्पल घातली. शेअर ऑटोने शहरात, तिथून बस. बसायला जागा मिळताच मंगलाने पर्समधून एक पट्टा काढून मनगटावर बांधला. पावलं आणि उष्मांक मोजणारा. नवा रायपूर येताच काढून परत ठेवला.

“का काढलास?”

“कामात खराब झाला तं? पोट्टीनं (मुलीनं) पयल्या पगारातून आणला, ताई. बसली का घालतो.”

“आणि मॅडमना याचेच आकडे दाखवलेस?”

“हव (हो). काम विचारलं तं सांगतलं, सरकारी ऑफिसात आहो.”

म्हणून तिच्या आहाराच्या कागदावर ‘बैठं काम’ लिहिलं होतं!

नव्या राजधानीचे रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. गाड्या सुसाट, बस मोजक्याच. थांब्यापासून कार्यालय अर्ध्या तासावर. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मंगलाने पिन लावून दिली आणि म्हणाली, “ताई, तुमचं बैठं काम दिसून राहिलं.”

तीन मजले झाडणं, पुसणं, बादल्या वर नेणं. मी व्हरांड्यात बसून लिहीत होते. सुपरवायझर डोकावला.

“दीदी, जाँच करने आई हैं क्या?”

“हो, तुमच्या बादल्यांची.”

कार्यालयात पोहोचल्यापासून दुपारपर्यंत वहीत ‘बसणे’ एकदाच आलं, जेवताना. डब्यात दीड पोळी आणि काकडी.

संध्याकाळी समता कॉलनीत गेलो. मॅडम तरुण होत्या. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली.

“इन्होंने तो ऑफिस बोला था.”

“ऑफिसात काय करता, ते विचारायचं राहिलं. माझ्याकडूनही राहत असेल.” ते खरंच होतं. परतल्यावर माझ्या पेशंटांचे कागद पुन्हा उघडावे लागणार होते.

त्यांनी आहार वाढवला. घरून निघण्याआधी पोटभर न्याहारी, डब्यात डाळ आणि चार पोळ्या.

“वजन वाढलं तं?” मंगलाने मला विचारलं.

“सावकाश उतरेल. जिन्यात पडलीस तर काम जाईल.”

“पर सकाळी खायाले टाइम कुठी हाय, ताई?”

ते मला वहीवरून माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी मी भरलं, डबाही मीच भरला. मंगलाला खाली बसवून पुढ्यात तीन गरम फरे (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले उंडे) ठेवले, आणि ते संपवून ती येईपर्यंत कोपऱ्यावर शेअर ऑटो अडवून उभी राहिले.