वर्ख उचलणारे हात

आमच्या खोलीला एक खिडकी होती, पण ती उघडायची नाही. पंखा नाहीच. मंडालेच्या उन्हाळ्यात आम्ही सहाजणी घामाने निथळत बसायचो, कारण सोन्याचा वर्ख इतका पातळ की शेजारणीच्या सुस्काऱ्यानेही उडायचा. शिंगाच्या पट्टीने तो उचलायचा आणि बांबूच्या कागदावर अलगद सोडायचा, एवढंच आमचं काम. त्यात सगळ्यांत तरबेज ओन सेन. आम्ही तिला अमा म्हणायचो, म्हणजे ताई.

हात मऊ, जीभ मात्र तिखट. कामात बोलता येत नाही, म्हणून साठवलेलं सगळं ती चहाच्या वेळी बाहेर काढायची. बहुतेक वेळा नवऱ्यावर. तिचा नवरा चिट मौंग भिंतीपलीकडच्या पडवीत सोनं ठोकायचा. तिघे जण ओळीने हातोडे हाणत, आणि त्यातला त्याचा ठोका कुठला, हे तिला बसल्या जागी कळायचं.

त्या दिवशी सकाळी तो ङापीच्या बरणीवर झाकण ठेवायला विसरला आणि त्या खारवलेल्या मासळीला मुंग्या लागल्या. "तुझ्या हातात हातोडाच शोभतो, झाकण नाही," असं ती त्याला म्हणाली. दहाच्या सुमाराला पलीकडे तीन हातोड्यांचे दोनच झाले. आमच्यात पहिली उठली ती अमा. तिच्या कागदावरचा वर्ख पंख फुटल्यासारखा उडाला. दवाखान्यात नेईपर्यंत चिट मौंग गेला होता.

सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण दिलं आणि आठव्या दिवशी ती कामावर आली. पण हात थरथरत होते. एक वर्ख फाटला, दुसरा फाटला, पाचवा फाटल्यावर मालकीणबाईंनी तिला हळूच कागद कापायच्या कामावर बसवलं. अमाला ते फार लागलं. चहालाही ती बोलेनाशी झाली.

शेवटी तिची मुलगी न्यो न्यो तिला दहा दिवसांसाठी ध्यानकेंद्रात सोडून आली. चौथ्या दिवशी अमा परत.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"गुडघे गेले. डोळे मिटले की मुंग्या दिसतात. तिथल्या थोरल्या भिक्खूंना, सयाडोंना सांगितलं, मला जमत नाही."

"मग? रागावले का ते?"

"म्हातारे आहेत, कशाला रागावतील. विचारलं, घरी रोज काय करतेस? म्हटलं, तांदूळ धुते. म्हणाले, मग घरी जा आणि तांदूळ धू. धुताना दुसरं काही करू नकोस."

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं, हे तर मी चाळीस वर्षं करतेय. ते म्हणाले, नसशील करत."

हे वाक्य तिला झोंबलं होतं. म्हणूनच तिने ते मनावर घेतलं असावं. पहाटे भिक्खू भिक्षेला यायच्या आधी ती भात टाकायची. रोज कामावर आल्यावर मला अहवाल मिळायचा. "आज दोनदा पाणी ओतेपर्यंत टिकले, मग ती बरणी आठवली." "आज पहिल्याच पाण्याला जावई आठवला. त्याचं काय काम तिथे?" कधी सांगायची, पाणी बोटांना गार लागलं, तांदळाचा खडबडीतपणा जाणवला. हे सांगताना ती जरा लाजायची.

दोनेक महिने असेच गेले. मग एके दिवशी चहाला ती माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले.

"थिन, आज मी तांदळात हात घालून रडले."

"अमा, रोजच रडतेस की."

"रोज रडताना मी त्याच्याशी भांडत असते. मग स्वतःशी भांडते, असं का बोललीस म्हणून. आज नुसती रडले. पाणी पांढरं झालं होतं, ते दिसत होतं. रडू आलं, थांबलं. मग मी भात चुलीवर ठेवला."

तिने माझ्या ताटलीतला मुरवलेल्या चहापाल्याच्या कोशिंबिरीचा घास उचलला आणि मीठ कमी आहे म्हणून नावं ठेवली.

त्याच आठवड्यात तिने मालकीणबाईंकडे शिंगाची पट्टी मागितली. पहिले दोन वर्ख फाटले. तिसऱ्याला तिने पट्टी हवेतच धरून ठेवली. हात थरथरत होता. पूर्वी ती ओठ चावून तो थांबवायला बघायची, आता नुसती बघत राहिली. थरथर जरा ओसरल्यावर वर्ख उचलला आणि कागदावर टाकला. कोपरा दुमडला, पण फाटला नाही. पहिल्यासारखं भराभर तिला पुन्हा कधी जमलं नाही. आमच्या तीन पुड्या व्हायच्या तेव्हा तिची एक. मालकीणबाईंनी तिला उठवलं मात्र नाही.

असं तिने आणखी सहा वर्षं काम केलं. मागच्या वर्षी न्यो न्यो तिला डोंगरावर पिन उ ल्विनला घेऊन गेली. परवा मी फोन केला.

"काय चाललंय, अमा?"

"वाटाणे सोलतेय."

"आणि?"

"आणि काय? वाटाणे." थोडा वेळ फोनमध्ये शेंगांचा कटकट आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "जावई दुपारी काय घोरतो म्हणून सांगू," आणि पुढची वीस मिनिटं सांगत राहिली.